होडी की बोट: थांबण्याची मुभा

कोकणच्या किनाऱ्यावर होडी ठेवावी की मोठी बोट घ्यावी, हा प्रश्न पैशाचा आहे तसा धर्माचाही आहे. धर्म हा शब्द येथे समुद्राशी आणि माणसांशी वागण्याची रीत या अर्थाने घ्यायचा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याखेरीज होडी लोटायची नाही, ही कोळ्यांची जुनी रीत. देवांनी दिलेले त्यांना काही न देता भोगणारा चोर ठरतो, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. नारळ ही त्या देण्याची खूण. खरे देणे म्हणजे मासळी अंडी घालते त्या दिवसांत जाळे कोरडे ठेवणे. ते होडीवाल्याला जमते. कर्ज काढून घेतलेल्या सहा सिलिंडरच्या बोटीला मात्र हप्ता, डिझेल आणि बर्फ यांचा तगादा असतो. पौर्णिमा लांब असली तरी १ ऑगस्टला तिला निघावेच लागते. लोभ मालकाच्या मनात नसला, तरी तो बोटीच्या हिशेबात येऊन बसतो.

योगसूत्रांतील पाच यमांत अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणे, आहे. जैन आचारात गृहस्थाने आपल्या संग्रहाची मर्यादा आधीच ठरवायची असते. त्या विचारात मासेमारी हीच हिंसा, त्यामुळे हा आधार जपूनच घ्यावा लागतो. तरीही मर्यादा हाव सुटण्यापूर्वी आखायची, ही त्यातली जाण फार खोल आहे. होडीत मासळी काठोकाठ भरली की घरी फिरावेच लागते. मोठ्या बोटीच्या बर्फाच्या कप्प्यात जागा असेपर्यंत तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आणखी एक जाळे टाकतो.

म्हणून लहान ते पवित्र, असे मात्र नव्हे. खाडीच्या तोंडाशी लावलेल्या डोल जाळ्याच्या बारीक आसात कोवळी पिल्लेही अडकतात, मग होडी कितीही लहान असो. उलट वादळात मोठी बोट जीव वाचवते. खलाशांच्या जिवाची काळजी हाही धर्मच, आणि खोल पाण्यात जायचे असेल तर तो होडीने पाळला जात नाही.

वाटणीचा प्रश्नही यातच येतो. सिंधुदुर्गात रापण ओढताना होडी अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे वाळूत पाय रोवून ओढतात. मासळीचे वाटे तिथेच किनाऱ्यावर पडतात आणि दोर ओढणाऱ्याला त्याचा वाटा मिळतो. मोठ्या बोटीवर खलाशी पुष्कळदा पगारी असतो. समुद्रात जायचे की नाही, हे ठरवताना त्याला कोणी विचारत नाही.

मधला मार्ग काही घरे काढतात. भाऊ-भाऊ मिळून, कर्ज झेपेल एवढीच बोट घेतात. तिचे माप ठरवताना एक हिशेब आधी करावा लागतो: मासळी नसलेला पंधरवडा बोट किनाऱ्याला बांधून ठेवली, तर हप्ता भरता येईल का?