ती बोलली नाही



कुणी विश्वासाने एखादी गोष्ट आपल्या कानात सांगावी आणि दिवस मावळण्यापूर्वी ती आपल्याच तोंडून गावभर व्हावी, हा अनुभव कुणाला नाही? त्यासाठी कुणी धाकही घातलेला नसतो. याउलट, छळ सोसूनही न बोललेली एक मुलगी होती.

बुडापेस्टमध्ये जन्मलेली ज्यू तरुणी हॅना सेनेश 1939 साली पॅलेस्टाईनला जाऊन शेतकी शाळेत शिकत होती. परंतु युरोपात आपल्या बांधवांवर ओढवलेल्या संहाराची वार्ता ऐकून ती ब्रिटिश फौजेत दाखल झाली, आणि 1944 च्या मार्चमध्ये तिने युगोस्लाव्हियात हवाई छत्रीने उडी घेतली. जूनमध्ये हंगेरीची सरहद्द ओलांडताच ती पकडली गेली. शत्रूला तिच्या बिनतारी यंत्राची सांकेतिक लिपी हवी होती. अनन्वित छळ झाला. ती बोलली नाही. मग तिच्या आईलाच कैद करून समोर उभे केले. आई समोर असताना! तरीही ती बोलली नाही.

श्रोतेहो, वाणीचा संयम म्हणजे केवळ अबोला नव्हे. हीच मुलगी कोठडीच्या खिडकीत कागदाची मोठमोठी अक्षरे धरून, समोरच्या बंदिवानांशी मोकळेपणी गोष्टी करीत असे. मला तर तिच्या मौनाइतकीच ही बडबड मोलाची वाटते. ज्याला धीर हवा त्याच्याशी बोलावे. ज्याला गुपित हवे त्याच्याशी बोलू नये.

7 नोव्हेंबर 1944 रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिला गोळ्या घालण्यात आल्या. तिची आई युद्धातून वाचली.