मास्तरांचा अधिकार

माउलींची पालखी पुण्यास भवानी पेठेत मुक्कामाला असता एका प्राथमिक शाळेचे मास्तर आम्हांला गाठून म्हणाले, "महाराज, २००९ च्या कायद्याने हातची छडी गेली. आता पोरं आमचं का म्हणून ऐकतील?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पन्नास पोरांपुढे उभे राहणे काय असते, ते उभा राहणाराच जाणे.

वाचकहो, कीर्तनकाराला आपण वाकतो ते त्या जागेला. उद्या तिथे दुसरा उभा राहिला तरी वाकूच. मास्तरांच्या खुर्चीलाही असा उसना मान असतो. पण तो पुरतो घटकाभर. अर्थ निसटला की टाळकरी एकमेकांकडे बघू लागतात, आणि पोरे तर त्याहून चाणाक्ष!

याच पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या, तेव्हा हा उसना मानही त्यांच्यापाशी नव्हता. रस्त्यात अंगावर शेण-चिखल येई. तरी मुली शिकल्या. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाघरची पोर, 'ज्ञानोदया'त निबंध लिहून विचारते की वेद आम्हांला वर्ज्य, तर मग आमचा धर्म तरी कोणता? प्रश्न भाविकाला झोंबतो, आम्हांलाही झोंबला. पण जिथे पोरीला एवढे विचारण्याचे बळ आले, तिथे शिकवणाऱ्यांचा अधिकार केवढा असेल! छडीने वर्ग गप्प होतो हे खरेच, पण गप्प बसलेला ऐकतोच आहे हे कशावरून?

मात्र नुसती माया पुरत नाही, विद्याही लागते. सोनोपंत दांडेकर स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. तरी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढणाऱ्या जोगमहाराजांचे ते शिष्यच म्हणवीत. जो स्वतः कुणापुढे शिकायला बसतो, त्याच्यापुढे बसण्यात पोरांना कमीपणा वाटत नाही.

मास्तरांचे समाधान झाले नाही. "आणि पोरानं विचारलं ते मला येतच नसलं तर?"

"येत नाही म्हणा. उद्या बघून सांगतो म्हणा. आणि उद्या आठवणीने सांगा."

"हसतील हो, महाराज!"

"पहिल्या दिवशी हसतील."

मास्तर काही बोलले नाहीत. पिशवी सावरून दर्शनाच्या रांगेला लागले.