देणें कोणाचें?

हिंगोली जिल्ह्यांत, विशेषतः वसमतच्या बाजूस, हळदीचें पीक मोठें. माघ-फाल्गुनांत कंद खणून, शिजवून वाळत घातले म्हणजे लहान मुलांचीं बोटेंही पिवळीं दिसूं लागतात. अशा दिवसांत एका आईनें आपल्या दोन मुलांस आजी-आजोबांकरितां स्वहस्तें भेट करावयास बसविलें, असें आपण समजूं. कुंभाराकडील एक लहान मडकें, वाटींत कालविलेली हळद, दुसऱ्या वाटींत तीच हळद चुन्याच्या निवळीनें तांबडी झालेली, आणि टोंक ठेचलेली बाभळीची काडी, एवढेंच साहित्य. चुना डोळ्यांस बाधतो, म्हणून तें काम आईनें आपल्याच हातीं ठेविलें.

थोरल्यानें आजोबांचा बैल काढिला. तो शेळीसारखा दिसूं लागला. धाकटीनें आपला पंजा उमटविला, तो फिसकटला. तेव्हां आईच्या मनांत आलें कीं, हें पुसून आपणच नीट काढावें. वाचकहो, तिनें तसें करावें काय?

भेट सुबक असावी ही इच्छा वाईट नव्हे. परंतु आईनें काढिलेला बैल ‘मुलांनीं काढिला’ म्हणून आजोबांपुढें ठेविला, तर तें असत्य होय. आणि तें असत्य आहे हें मुलांस ठाऊक असतें. त्यावरून तीं दोन गोष्टी शिकतात: आपलें प्रेम वडिलांपुढें ठेवण्याजोगें नाहीं, आणि गोड दिसणारें खोटें चालतें. सुंदर मडक्याची ही किंमत फार झाली.

तर मग मुलांस शिकवूंच नये काय? अवश्य शिकवावें. काडी कशी धरावी, पहिला रंग वाळेपर्यंत कसें थांबावें, हें आधीं दाखवावें. हात धरून शिकविणें निराळें व हात बाजूस सारणें निराळें. याच जिल्ह्यांतील नर्सी हें नामदेवांचें जन्मस्थान मानितात. बाळ नामदेव वडिलांच्या सांगण्यावरून देवापुढें नैवेद्य घेऊन बसला, ही कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. तें ताट घरच्यांनीं भरलें होतें; आग्रह मात्र त्या मुलाचा होता. वडील माणसांनीं साहित्य पुरवावें. देणें मुलाचेंच राहूं द्यावें.

कोणी म्हणेल, हळदीचा रंग उन्हांत उडतो. मग ही आठवण टिकणार कशी? मडकें सावलींत ठेवावें, म्हणजे कांहीं काळ टिकेल. पण तो पंजा तरी कोठें तसाच राहणार आहे? दोन-तीन वर्षांनीं तो त्या खुणेंत मावणार नाहीं. जें जाणारें आहे तें आज प्रेमानें हातीं दिलें, यांतच त्या भेटीचें मोल आहे.

शेवटीं एक गोष्ट घेणाऱ्यांस. आजोबांनीं “ही शेळी कां?” म्हणून हंसूं नये, आणि “असें चित्र जगांत नाहीं” अशी खोटी स्तुतीही करूं नये. मुलास जवळ बसवून “काय काढिलेंस तें सांग, बाळा,” असें म्हणावें, आणि तो सांगेल तें शेवटपर्यंत ऐकावें.