दप्तर आणि दिलेला शब्द

मनुष्याच्या मागे दोन गोष्टी राहतात: त्याचा देह आणि त्याचे कागद. देहाची व्यवस्था कशी लावावी याविषयी प्रत्येक धर्माने बारीकसारीक नियम घालून दिलेले आहेत. पण पेटीत राहिलेल्या पत्रांचे काय करावे, याविषयी शास्त्रे बहुधा मुकी आहेत. त्यामुळे हा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर येऊन पडतो. आणि विवेकाची सवय नसली म्हणजे तो वाळवीवर पडतो. आम्ही या प्रश्नाचा आजवर कधी फारसा विचार केला नव्हता. जुना कागद जपला पाहिजे, हे आमच्या पिढीच्या शिकलेल्या माणसांस इतके स्वयंसिद्ध वाटत आले आहे की, त्याला काही दुसरी बाजू असेल अशी शंकाही मनास शिवत नाही. ती शंका आमच्या मनात गोराईस उत्पन्न झाली.

बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीत बसले म्हणजे काही मिनिटांत खाडी ओलांडून गोराईस जाता येते. जमिनीच्या वाटेने जावयाचे तर भाईंदर आणि उत्तन असा लांबचा वळसा पडतो. पॅगोड्याचा सोनेरी कळस पाहण्यास येणारी मंडळी सहसा गावात शिरत नाहीत. आत मात्र कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. राज्ये बदलली, घरात बोलली जाणारी मराठी बोली मात्र बदलली नाही. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, स्वतः धारण केले.

या गावातील आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिची आजी वारल्यावर घरातील पत्र्याची पेटी एका स्थानिक संग्रहास द्यावी असे घरच्यांनी ठरविले आणि ती पाहण्यास तिने आम्हांस बोलाविले. पेटीत शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, सात-बाराचे उतारे होते, बाप्तिस्म्याचे दाखले होते. एका लग्नातील खर्चाची वही होती आणि तिच्याच मागल्या पानांवर बॉटल मसाल्याचे प्रमाण लिहिलेले होते. एवढे सर्व पाहून आम्ही हरखून गेलो. तोच तिने तळाशी असलेले एक पुडके बाहेर काढले. तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इराणमध्ये अबादानच्या तेलशुद्धीच्या कारखान्यात नोकरीस होते. १९५१ साली इराणने तेलाचा धंदा राष्ट्राच्या ताब्यात घेतला तेव्हा ते परत आले. तेथून त्यांनी बायकोस लिहिलेली ही पत्रे. सुती नाडीने बांधलेली. वरच्या पाकिटाची कड युद्धकाळातील सरकारी तपासनिसाने फाडून चिकटपट्टीने पुन्हा बंद केलेली स्पष्ट दिसत होती.

“सर, हे पुडके माझ्यामागे न उघडता जाळून टाक, असे आजीने मला सांगितले होते,” ती म्हणाली, “आणि मी हो म्हटले होते. आता हे देऊ, की जाळू?”

आमच्या तोंडून तत्काळ “जाळू नकोस” असेच आले. नंतर होडीत बसल्यावर आम्ही स्वतःस विचारले की, हे आम्ही कोणत्या अधिकाराने सांगितले?

आमच्या पक्षाला आधार काही थोडा नाही. महाराष्ट्राचा इतिहास ज्या कागदांवर उभा आहे, ते कागद एकेकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरातलेच होते. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला. मिरजेस शाळामास्तरकी करीत असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून आपला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. जे कागद या लोकांच्या हाती वेळेवर लागले नाहीत ते वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास गेले किंवा वाळवीने खाल्ले. ‘जाळू नकोस’ हे शब्द या थोर मंडळींनीच आमच्या तोंडी घातलेले आहेत.

आणि खाजगी कागद तर सरकारी कागदांहून अधिक बोलके. नाना फडणीस हा सर्वांत सावध मुत्सद्दी; पण त्याच्या आत्मवृत्तात तारुण्यातील वासनेची कबुली आहे आणि पानिपतच्या रणातून जीव घेऊन पळाल्याची, तेथे आईस गमावल्याची हकीकतही आहे. तो लहानसा लेख हरवला असता तर बारभाईंचा कारभारी आम्हांस कळला असता, माणूस कळला नसता. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. त्यांनी तिकडून पतीस लिहिलेल्या एका पत्रात, त्याने आपणास लहानपणी केलेल्या मारहाणीचे शांतपणे स्मरण दिले आहे. ते पत्र कुटुंबाच्या अब्रूसाठी कोणी चुलीत घातले असते, तर गोपाळराव हे केवळ स्त्रीशिक्षणाचे कैवारी म्हणून उरले असते आणि त्या मुलीने सोसलेले सर्व तिच्याबरोबरच जळून गेले असते.

याहूनही बळकट असे एक कारण गोराईच्या बाबतीत आहे. सरदारांची दप्तरे असतात, कुळांची नसतात. गोराईचा शेतकरी किंवा कोळी सरकारी कागदांत दिसतो तो भूमापन क्रमांक म्हणून आणि साऱ्याची रक्कम म्हणून. या शतकाच्या पहिल्या दशकात विशेष आर्थिक क्षेत्राची योजना या भागावर येऊ घातली आणि गावकऱ्यांनी तिला विरोध केला. अशा प्रसंगी ‘आम्ही येथले’ एवढे तोंडाने म्हणून भागत नाही. पेटीतील पिवळी पावती पुढे करावी लागते. समाजालाही हे उमगलेले आहे. शेजारच्या मनोरीस मोबाई गावठण पंचायतीने जुन्या वस्तूंचे संग्रहालय मांडले आहे, ते याच जाणिवेतून. तेव्हा जेथे मुळात आवाज थोडे, तेथे एका बाईस आलेल्या पत्रांचे पुडके जाळणे म्हणजे आहे तो आवाजही बंद करणे, असे आम्ही त्या विद्यार्थिनीस सांगू शकलो असतो.

पण नेमके येथेच आमचे मन अडखळले. कागद दुर्मिळ आहेत म्हणून या बाईची आज्ञा मोडावयाची. म्हणजे ती जर मोठ्या घराण्यातली असती आणि तिच्या घरी पत्रांच्या दहा पेट्या असत्या, तर आम्ही तिची इच्छा पाळली असती काय? गरिबाने आपला दुवा इतिहासाला दिलाच पाहिजे आणि श्रीमंताने तो राखून ठेवावा, हा न्याय विचित्र होय.

युरोपातील दोन उदाहरणे या ठिकाणी आठवतात. बायरन कवीने आपल्या आठवणी लिहून, पुढे प्रसिद्ध व्हाव्यात म्हणून मित्राच्या स्वाधीन केल्या होत्या. १८२४ साली तो वारताच त्याच्या मंडळींनी त्याची अब्रू राखण्यासाठी त्या लंडनमध्ये प्रकाशकाच्या घरी शेगडीत घातल्या. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी काफ्का वारला. आपली हस्तलिखिते जाळावीत असे तो मित्रास लिहून गेला होता. मित्राने ती न जाळता पुढच्याच वर्षापासून छापावयास प्रारंभ केला. दोन्ही ठिकाणी मृताची इच्छा मोडली गेली. पण जग पहिल्यांना दोष देते आणि दुसऱ्याचे उपकार मानते. का? तर एका ठिकाणी आमचे नुकसान झाले आणि दुसऱ्या ठिकाणी आमचा फायदा झाला! म्हणजे आम्ही मृताच्या इच्छेचा विचार मुळी करीतच नाही. आमच्या पदरात काय पडले एवढेच पाहतो. ज्याचा लाभ त्यानेच निवाडा करावा, ही रीत आम्ही कोणत्याही कोर्टात चालू दिली नसती.

यावर एक चतुर उत्तर आमच्या मनात आले होते आणि ते वाचकांच्याही मनात आले असेल. चूल घरात होती, काडेपेटी हाताशी होती. तरीही त्या बाईने ही पत्रे इतकी वर्षे स्वतः जाळली नाहीत. तेव्हा ती राहावीत हीच तिची खरी इच्छा नसेल कशावरून? युक्तिवाद गोड आहे. पण जो युक्तिवाद आपल्या हावेला इतका सोयीचा असतो, त्याच्याकडे संशयाने पाहावे, असे वयाने आम्हांस शिकविले आहे. मनुष्य जिवंत असेपर्यंत आपली पत्रे जवळ ठेवतो, ती स्वतःसाठी. मंगळसूत्र आयुष्यभर जपणारी बाई ते प्रदर्शनात मांडण्यासाठी जपत नाही. तिने जे सांगितले ते स्पष्ट होते. न सांगितलेले तिच्या मनातून काढण्याचा आम्हांस अधिकार नाही.

मग सर्वच कागदांवर धन्याची अनिर्बंध सत्ता मानावी काय? तसेही नाही. ज्या कागदावर दुसऱ्याचा हक्क अवलंबून आहे, तो कागद धन्याचा एकट्याचा नव्हे. शेताची पावती, कर्जाचा रोखा, दत्तविधानाचा लेख हे ज्याच्या पेटीत आहेत तो त्यांचा राखणदार आहे. राज्यकारभार करणाऱ्याचे कागद तर प्रजेचेच. ते नाहीसे करण्याची मुभा नानासही नव्हती आणि आजच्या अधिकाऱ्यासही नाही. केंद्र सरकारच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने अशा कागदांच्या बेकायदा नाशाबद्दल पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. अबादानच्या पत्रांवर असा कोणाचा हक्क नव्हता. ती एका पुरुषाने एका स्त्रीस, तिनेच वाचावीत म्हणून लिहिली होती. मध्ये एकदा एका परक्या तपासनिसाने ती उघडली. युद्धाच्या निमित्ताने सरकारने ते केले; इतिहासाच्या निमित्ताने आम्ही दुसऱ्यांदा तेच करावयास निघालो होतो.

ज्या पत्रांविषयी मृताने काहीच सांगून ठेवलेले नाही, त्यांची गोष्ट वेगळी. तेथे आमच्या मते कागद राखणे आणि कागद उघडणे ही दोन निराळी कर्मे मानावीत. पहिले आजच करावे, कारण जळलेले परत येत नाही. दुसऱ्याची घाई करू नये. ज्यांची मने दुखावतील अशी माणसे हयात आहेत तोवर पुडके मोहोर करून ठेवावे आणि वाचनाचा अधिकार पुढच्या पिढीस द्यावा. पण जेथे शब्द मागितला गेला आणि दिला गेला, तेथे हा मध्यम मार्ग उरत नाही. मरणाऱ्याजवळ आपल्या इच्छेच्या पूर्तीसाठी ना शिपाई असतो ना कोर्ट. ज्याने ‘हो’ म्हटले त्याच्या इमानावाचून त्याला दुसरा आधार नाही. म्हणूनच जिवंताला दिलेल्या शब्दाहून मृताला दिलेला शब्द अधिक जड.

इतिहासाचे यात नुकसान आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र एका गोष्टीचा विचार संग्राहकांनी करावा. लोक आपल्या पेट्या संग्रहास देतात त्या विश्वासाने. ‘देऊ नका’ म्हटलेले तेथे घेतले जात नाही, ‘उघडू नका’ म्हटलेले उघडले जात नाही, अशी ज्या संग्रहाची ख्याती, त्याच्या दारी पेट्या येतील. ज्याची तशी ख्याती नाही, त्याला वाटून पेट्या घरीच जळतील. आणि तेव्हा पुडक्याबरोबर पावत्या आणि बाप्तिस्म्याचे दाखलेही जातील.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थिनीस लिहून कळविले आणि आमचे पहिले मत मागे घेतले. सोबत एवढीच विनंती केली की, पेटीतील कागदांची यादी करताना या पुडक्याची नोंद मात्र करावी. येथे काही होते आणि ते कोणाच्या इच्छेने गेले, हे कळण्याचा इतिहासास अधिकार आहे. त्यात काय होते हे कळण्याचा नाही.

महिन्याभराने तिचे उत्तर आले. तिने आजीच्याच चुलीत, नाडी न सोडता, ती पत्रे जाळली होती. हे वाचून आम्हांस हळहळ वाटली नाही असे म्हणणे खोटे होईल. अबादानहून त्या माणसाने काय लिहिले असेल, हा विचार आजही मनात येतो. सोबत यादीची नक्कल होती. शेतसाऱ्याच्या पावत्या, उतारे, दाखले, वही, असे क्रमाने सर्व लिहून शेवटी तिने नोंदले होते: ‘आजोबांनी अबादानहून आजीस लिहिलेली पत्रे, एक पुडके. आजीने सांगितल्याप्रमाणे न वाचता जाळले.’ खाली तिची सही आणि तारीख होती.