भीतीची बाहुली आणि गावातली म्हातारी

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेत आला. आता आपल्याकडची तरुण पोरंही तो खेळतात आणि त्यासाठी स्वतःचे राक्षस घडवतात. त्यांना एखादी भेसूर बाहुली घडवायची असेल, तर चंद्रपूर-गडचिरोलीत सामानाची वाण नाही.

घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे लोंबणारी काळी बाहुली जरा जवळून बघावी. काळ्या दोऱ्यात गुंडाळलेलं अंग, पांढऱ्या ठिपक्यांचे डोळे, बाहेर आलेली लाल जीभ. ती वाईट नजर स्वतःवर घेते, म्हणून ती भेसूर असली तरी घरची असते. दुसरी बाहुली करणीची, ती तिवाट्यावर सापडते. कणकेची, हळद-कुंकू माखलेली, टाचण्या टोचलेली. ती दिसली की माणसं वाट बदलतात.

खेळातल्या राक्षसाला नियम असतात. तो किती घाव सोसेल, कशाला भिईल, हे आधी ठरलेलं असतं. त्यामुळे खेळणारे विचारतात, हिला हरवायचं कसं? तिवाट्यावरची बाहुली पाहून गाव मात्र विचारतं, ही केली कोणी? दुसरा प्रश्न एकदा निघाला की बाहुली बाजूला राहते आणि माणूस शोधला जातो. तो बहुधा म्हातारा, एकटा, गरीब असतो. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध दलित स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष यांना जिवंत जाळलं. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. त्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर तो आला, हे आठवलं की आजही जीव तुटतो.

टाचणीची बाहुली लोकांना पटते, कारण दुखणं खरं असतं. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, पाठीत असह्य कळा येतात. कळ थांबते, माणूस कामाला लागतो, महिन्याभराने पुन्हा लोळागोळा. कुणी टोचतंय असंच वाटणार. अशा वेळी खरं कारण सांगणारं माणूस जवळ हवं. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं; बाळांचे मृत्यू त्यामुळे घटल्याचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळ का दगावलं हे सांगणारी आरोग्यदूत शेजारच्याच घरात असेल, तर मांत्रिकाने घेतलेल्या नावाचं वजन कमी होईल, असं मला वाटतं.

भीतीला बाहुलीतच ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. पोळ्याला दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेर नेतात. रोगराई, खोकला, जादूटोणा सगळं घेऊन जा म्हणून मारबतीला, म्हणजे मिरवत नेऊन जाळायच्या पुतळ्याला, आरोळी घालतात. नागपुरात काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. काळी मारबत नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईच्या निषेधाची, असं सांगतात. त्याच मिरवणुकीतल्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, तर पुढाऱ्यांचीही नावं असतात. पण जळतो तो बांबू-कागदाचा पुतळा. नाव घेतलेला माणूस आपल्या घरी सुखरूप असतो. राग निघतो, गाव मोकळं होतं, कुणाचं रक्त सांडत नाही. यात मला मोठं शहाणपण दिसतं.

म्हणून पोरांनी ही बाहुली जरूर घडवावी आणि चांगली भेसूर घडवावी. फक्त तिच्या नियमांत दोन गोष्टी घालाव्यात. खेळाडूंनी तिला वाजतगाजत शिवेबाहेर नेलं तरच ती मरावी. आणि त्यांनी गावातल्या कुणा म्हातारीकडे बोट दाखवलं, की बाहुलीचे सगळे घाव भरून यावेत. असा डाव अहेरीच्या, जिवतीच्या वसतिगृहांत रात्री रंगावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.