छायाकल्प : न जाणवणारे ग्रहण

(तेलीबांधा, रायपूर येथे मराठी साधकांच्या पौर्णिमा सत्संगात झालेल्या प्रवचनाचे शब्दांकन)



ग्रहण म्हटले की घराघरात लगबग सुरू होते. वेध केव्हा लागतात, मोक्ष केव्हा, पाण्यात तुळशीपत्र टाकले का, अशी विचारपूस होते. पण एक ग्रहण असेही आहे की ते लागते, चार-चार तास राहते, सुटते, आणि कोणाला कळतही नाही. पंचांगकर्तेही सहसा त्याचे वेध पाळायला सांगत नाहीत. त्याला छायाकल्प चंद्रग्रहण म्हणतात. आज त्याच्याकडून आपल्याला काय शिकता येईल, ते पाहू.

५ मे २०२३ रोजी बुद्धपौर्णिमा होती. त्या रात्री पावणेनऊच्या सुमारास असे ग्रहण लागले आणि एकच्या सुमारास सुटले. आपल्या तेलीबांधा तलावाच्या काठी त्या वेळी नेहमीसारखी माणसे फिरत असतील. त्यांपैकी कोणी मान वर करून पाहिले असते, तरी चंद्र पूर्णच दिसला असता. फार निरखून पाहणाऱ्यालाच तो किंचित मळकट वाटला असता.

असे का होते? दिव्यासमोर हात धरा. भिंतीवर पडलेली सावली मध्ये काळी असते आणि कडेला पुसट. पृथ्वीच्या सावलीचेही तसेच आहे. गडद भागात चंद्र शिरला की त्याचा घास घेतल्यासारखे दिसते. तो केवळ पुसट भागातून गेला, तर सूर्याचा थोडासाच प्रकाश अडतो. उजेड कमी होतो, पण कमी झाला आहे हे डोळ्याला उमगत नाही.

आता याच्या पुढची गोष्ट लक्ष देऊन ऐका. ग्रहणे वाटेल तेव्हा येत नाहीत. २२३ चांद्रमास, म्हणजे सुमारे १८ वर्षे ११ दिवस ८ तास गेले की सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ पूर्वीच्याच मांडणीत येतात आणि तसेच ग्रहण पुन्हा होते. बाबिलोनचे ज्योतिषी हे चक्र ओळखून होते. आज त्याला सॅरोस म्हणतात. २०२३ च्या ग्रहणाच्या आधीचे त्याच मालिकेतले ग्रहण २४ एप्रिल २००५ रोजी, चैत्री पौर्णिमेला झाले होते. तेव्हा आपल्याकडे दिवस होता, म्हणून ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

ही मालिका सुरू झाली २५ ऑगस्ट १६०८ रोजी. त्याच वर्षी रामनवमीला जांब गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला होता. पुढे १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले छत्तीसगडात रतनपूरला आले आणि या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जडले. राज्ये आली आणि गेली, पिढ्यांमागून पिढ्या सरल्या. दर अठरा वर्षांनी हे ग्रहण येतच राहिले. १६०८ पासून २०२३ पर्यंत अशी चोवीस ग्रहणे झाली आणि चोवीसही छायाकल्प! सुमारे ४१५ वर्षे सावली येत होती, पण चंद्राला डाग म्हणून दिसला नाही.

मग पंचविसावे? ते १६ मे २०४१ रोजी आहे. त्या दिवशी या मालिकेत प्रथमच गडद सावली चंद्राच्या कडेला लागेल. रायपुरात तोवर चंद्र मावळलेला असेल, त्यामुळे तो पहिला स्पर्श इथून दिसायचाही नाही. आणि १ ऑगस्ट २१६७ रोजी ह्याच मालिकेतले ग्रहण खग्रास होईल.

पुसट सावलीपासून खग्रासापर्यंतचा हा प्रवास कशामुळे होतो? चंद्र आणि सावली यांची गाठ दर वेळी अगदी त्याच जागी पडत नाही. एका चक्रामागे तासाभराहूनही कमी फरक राहतो. अठरा वर्षांत तासाभराचा फरक म्हणजे काय? काहीच नाही! पण तो दर वेळी एकाच दिशेने साचत जातो. त्या साचण्यानेच चंद्र गडद सावलीत ओढला जातो.

साधकहो, आपल्या परंपरेने चंद्राला मनाची देवता मानले आहे. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तसे मनालाही नाही. मन उजळते ते आत्मप्रकाशाने. मध्ये पृथ्वी आली की चंद्र झाकोळतो. मध्ये ‘मी’ आला की मन झाकोळते. खग्रास ग्रहण आपल्याला ओळखता येते. राग अनावर झाला, कोणाला लागेल असे बोललो, तर रात्री झोप लागत नाही. त्याचे प्रायश्चित्त आपण घेतो. पण छायाकल्पाचे काय?

एक उदाहरण पाहा. दोन सेवक मिळून वस्तीत साप्ताहिक सत्संग सुरू करतात. एक सतरंज्या अंथरतो, दुसरा भजने सांगतो. पहिल्या वार्षिक कार्यक्रमात आभार मानताना सतरंज्या अंथरणाऱ्याचे नाव राहून जाते. तो म्हणतो, “नावाचे काय एवढे?” आणि हे तो मनापासूनच म्हणतो. तरी आत कुठेतरी उजेड रतीभर कमी झालेला असतो. पुढच्या वर्षी सल्ला विचारला जात नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तो एका गुरुवारी येत नाही आणि कोणी चौकशीही करत नाही. भांडण कधीच झालेले नसते. पण काही वर्षांनी लोकांना दिसते की दोघे समोरासमोर आले तरी एकमेकांशी बोलत नाहीत आणि सत्संगाची खोली बंद आहे. लोक विचारतात, “अचानक काय झाले हो?” अचानक काहीच झालेले नसते. भावाभावांत, सासू-सुनेत, बाप-लेकातही असेच होते.

आणखी एक ध्यानात ठेवा. चंद्रग्रहण लागते ते पौर्णिमेलाच. चतुर्थीच्या कोरीला ते लागत नाही. साधकाचेही तसेच आहे. सेवा फळाला येते, चार माणसे मान देतात, जपाची संख्या पूर्ण होते, तोच दिवस जपायचा असतो. २०२० मध्ये चार चंद्रग्रहणे झाली आणि चारही छायाकल्प. त्यांतले एक वटपौर्णिमेला होते आणि एक गुरुपौर्णिमेला. व्रताचा आणि पूजेचा दिवस असला तरी सावली यायची थांबली नाही. हार घातला जात असतानाच ‘माझ्यामुळे झाले’ हा विचार हळूच मध्ये येऊन उभा राहतो.

मग आपण खग्रासाची वाट पाहायची का? नाही. चंद्राला आपली कक्षा सोडता येत नाही. या मालिकेतून सुटायला त्याला २८८८ साल उजाडेल. बहात्तर ग्रहणे भोगल्यावर सुमारे १२८० वर्षांनी तो मोकळा होईल. आपल्यापाशी एवढे आयुष्य नाही. पण चंद्रापाशी नाही ते एक आपल्यापाशी आहे : बाजूला सरकण्याचे स्वातंत्र्य. ‘मी’ला एक पाऊल मागे घेता येते, आणि सावली पुसट असते तेव्हा ते सर्वांत सोपे असते.

म्हणून दर पौर्णिमेला एवढे करा. रात्री जप झाल्यावर पाच मिनिटे शांत बसा. या महिन्यात कोणाचे नाव ऐकून मन किंचित आक्रसले, एवढेच स्वतःला विचारा. मोठे दोष शोधू नका, ते आपणहून समोर येतात. पुसट तेवढे शोधा. ते नाव सापडले की अमावास्येच्या आत त्या माणसाकडे जा किंवा फोन करा. जुने काही उकरून काढू नका, खुलासा मागू नका. “बरेच दिवसांत भेट नाही, कसे आहात?” एवढे पुरे. आणि आपल्या सत्संगातून कोणी येईनासे झाले असेल, तर त्याची चौकशी करायला तो खग्रास होईपर्यंत थांबू नका.

आज घरी जाताना तलावाच्या काठी घटकाभर उभे राहा. चंद्र पूर्ण दिसेल. त्याला नमस्कार करा आणि ज्याची आठवण येईल, त्याच्या घरी उद्याच जा.

सर्वांचे कल्याण असो.