दार उघडं आहे, पण दाणे आत आहेत

पक्ष्यासाठी पिंजरा शोधणाऱ्या माणसाने पक्षी पाळणं बरोबर की चूक हे आधीच ठरवलेलं असणार, असं आपण धरून चालतो. माझं तसं नव्हतं. मावसबहीण शिकायला परदेशी गेली आणि तिची बजरीगर माझ्याकडे आली. आपल्याकडच्या बाजारात यांना सरसकट 'लव्हबर्ड्स' म्हणतात. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेतले, हे ऑस्ट्रेलियातले. तिच्या पिंजऱ्यात नीट पंख पसरायलाही जागा नव्हती, म्हणून मी आठशे रुपयांत एक जुना, मोठा पिंजरा आणला.

मोठा म्हणजे लांबीला. दुकानांत घुमटाचे, उंच, नक्षीदार पिंजरे टांगलेले असतात. हॉलमध्ये छान दिसतात. पण बजरीगर आडवी उडते, लिफ्टसारखी खालून वर नाही. तो घुमट पाहणाऱ्यासाठी असतो, राहणारीसाठी नसतो. तारांमधलं अंतर मात्र मी पट्टीने मोजलं. साधारण बारा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर हिचं डोकं अडकू शकतं.

मग घासणं. जुन्या पिंजऱ्याची भीती गंजापेक्षा जस्ताची जास्त. गॅल्व्हनाइज्ड तारेवर पांढरी भुकटी धरते, आणि हे पक्षी चोचीने तार धरून चढतात, म्हणजे दिवसभर ती चाटतच असतात. जस्त त्यांना विषारी. आधी गरम पाणी आणि साबण, मग व्हिनेगर आणि ताठ ब्रश, भरपूर पाणी. दुसऱ्या दिवशी पातळ केलेलं ब्लीच, कारण आधीचा पक्षी कशाने गेला हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही, आणि पोपटवर्गातल्या पक्ष्यांचा एक ताप माणसांनाही होतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मग चार दिवस गच्चीवर कडक ऊन. प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावल्या, कारण एकाच जाडीच्या दांडीवर बसून तळव्यांना फोड येतात. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवला. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला तर त्याची वाफ पक्ष्याला मारू शकते.

हे सगळं करताना एक समाधान वाटायला लागतं, आणि मला त्याच समाधानाचा संशय आहे. कैद चकचकीत केली म्हणून ती कमी कैद होते का?

"मग सोडून दे ना," मैत्रीण म्हणाली. सोडायचं कुठे? १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले, आणि तेव्हापासून पिंजऱ्यांत त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. रानातले बजरीगर पाण्याच्या शोधात मोठ्या थव्यांनी फिरतात. हिला वाटीबाहेरचा दाणा माहीत नाही. खिडकीतून सोडली तर संध्याकाळच्या आत कावळे तिला गाठतील. कायदाही इथे मदतीला येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे आपला हिरवा पोपट पाळता येत नाही, पण परदेशी बजरीगर चालते. पंख दोघांनाही आहेत, फरक मायदेशाचा. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना उडण्याचा हक्क आहे असं म्हटलं होतं. वाचून बरं वाटलं. पण या पक्ष्याने कुठे उडायचं, याचं उत्तर मला त्यात सापडलं नाही.

म्हणून मी दार उघडं ठेवायला लागले. रोज तासभर: पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर ओढणी. पहिले दहा दिवस ती बाहेर आलीच नाही. घरच्यांनी निकाल दिला, "बघ, तिला आतच आवडतं."

हे वाक्य मी आधी ऐकलंय. आजी कधी सिनेमाला आली नाही, तेव्हाही सगळे म्हणायचे, तिला आवडतच नाही. तिला किती वेळा नेलं होतं, हे कुणी मोजलं नव्हतं. जे कधी मिळालंच नाही ते मागत नाही, याला आवड म्हणायचं का? मला तरी म्हणवत नाही.

अकराव्या दिवशी ती बाहेर आली. पडद्याच्या दांडीवर बसली, दोन फेऱ्या मारल्या आणि आपणहून आत गेली. आता तर घरात जल्लोष. पण दाणे आणि पाणी आतच ठेवलेलं असतं. तिने पिंजरा निवडला की जेवण, हे मला कळायला मार्ग नाही. वाटी बाहेर ठेवून पाहिली, तर ती बाहेर जास्त वेळ राहते. आत झोपायला मात्र जाते. यावरून काहीच सिद्ध होत नाही. दार उघडण्याचा तास मीच ठरवते, हेही विसरायला नको.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. बजरीगर थव्यातला पक्षी. एकटी ठेवणं हाही त्रासच, आणि तिच्या जागी मला धरून चालत नाही. मी दिवसभर ऑफिसात असते. सोबत हवी. दुकानातून एक आणली तर हिचं एकटेपण जाईल, आणि दुकानदार रिकाम्या जागी आणखी एक पिल्लू आणून ठेवेल. हिच्या सुखासाठी न जन्मलेल्या एकीला पिंजऱ्यात आणायचं, हा हिशोब मला पटत नाही. तिला तो पटला असता का, हे विचारता येत नाही.

सध्या मी कुणीतरी देऊन टाकत असलेली बजरीगर शोधतेय. मिळाली की आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावी लागेल, आजार नाही ना हे बघायला. तीन जणांना विचारून झालंय. चौथ्याकडे एक नर आहे. तो विचार करून कळवतो म्हणालाय.